आशिया-प्रशांत पत्रकारितेचे पुरस्कार कोणाला आणि कशासाठी मिळतात

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अधूनमधून एक छोटी बातमी येते : अमुक पत्रकाराला आशियाविषयक वार्तांकनासाठी आंतरराष्ट्रीय पुरस्कार जाहीर. त्या बातमीत पुरस्काराचे नाव आणि रक्कम असते, मानकऱ्याचे छायाचित्र असते. पण तो पुरस्कार कोण देते, नेमक्या कोणत्या कामाला देते आणि ‘आशियाविषयक’ या शब्दात कोणकोणते देश मोडतात, हे त्यात क्वचितच सांगितलेले असते. हे समजून घेण्यासारखे आहे, कारण आशियात काय घडले याची साक्ष कोणाची मानायची, या प्रश्नाचे उत्तर हे पुरस्कार दरवर्षी देत असतात. बराच काळ ते उत्तर ‘बाहेरून आलेल्या प्रतिनिधीची’ असे होते. गेल्या दोन दशकांत ते बदलत गेले आहे, आणि माझ्या मते या पुरस्कारांच्या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे.

प्रथम भूगोल. ‘आशिया-प्रशांत’ हा एखाद्या नकाशावर पक्का आखलेला प्रदेश नव्हे. व्यापार, मुत्सद्देगिरी आणि विद्यापीठांतील अभ्यासकेंद्रे यांच्या सोयीने रूढ झालेला तो शब्द आहे. कुणाच्या यादीत जपान, चीन, कोरिया आणि आग्नेय आशिया एवढेच येतात. कुणी भारत, पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका धरतात. कुणी ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, पापुआ न्यू गिनी, फिजी, टोंगा इथपर्यंत जातात. म्हणून पुरस्काराच्या नावात हा शब्द दिसला तरी त्याचा आवाका किती, हे मागच्या मानकऱ्यांची यादी पाहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरा भेद त्याहून महत्त्वाचा आहे. काही पुरस्कार व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या अनेक वर्षांच्या कामाला दिले जातात, तर काही गेल्या वर्षभरात प्रसिद्ध झालेल्या एका वृत्तमालिकेला, एका छायाचित्राला किंवा एका चित्रफितीला. पहिल्या प्रकारात कारकीर्द तोलली जाते, दुसऱ्यात बातमी. बातम्यांमध्ये या दोहोंची सरमिसळ होते आणि मग ‘सर्वोत्कृष्ट पत्रकार’ अशा मथळ्यातून भलताच समज होतो.

कारकिर्दीसाठीच्या पुरस्काराचे ठळक उदाहरण म्हणजे अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आशिया-प्रशांत संशोधन केंद्राचा शोरेन्स्टीन पत्रकारिता पुरस्कार. तो २००२ मध्ये सुरू झाला आणि त्याची रक्कम १०,००० डॉलर आहे. पहिले मानकरी होते स्टॅनली कार्नो, म्हणजे व्हिएतनाम युद्ध जवळून पाहिलेले अमेरिकी पत्रकार. त्यानंतरची नावेही बरीचशी याच घडणीची होती : कोरियाचे जाणकार डॉन ओबरडॉर्फर, चीनचे अभ्यासक ऑर्व्हिल शेल. आशियातून अमेरिकी वाचकाला नीट समजेल असे लिहिणाऱ्यांचा सन्मान करावा, हा मूळ हेतू होता आणि त्यात गैर काहीच नव्हते. २००५ चे मानकरी नयन चंदा मात्र या चौकटीत पुरते बसत नव्हते. भारतात जन्मलेले हे पत्रकार हाँगकाँगहून निघणाऱ्या ‘फार ईस्टर्न इकॉनॉमिक रिव्ह्यू’ या साप्ताहिकाचे दक्षिण व्हिएतनामच्या राजधानीतील, सायगावमधील, प्रतिनिधी होते, आणि ३० एप्रिल १९७५ रोजी उत्तर व्हिएतनामचे रणगाडे राष्ट्रपती भवनात शिरले तेव्हा ते शहर सोडून न जाता तिथेच थांबले होते.

२०११ मध्ये या पुरस्काराने आपली रीत बदलली. तेव्हापासून साधारणपणे एका वर्षी तो आशियावर लिहिणाऱ्या पाश्चात्त्य पत्रकाराला आणि पुढच्या वर्षी आशियातील पत्रकाराला किंवा वृत्तसंस्थेला दिला जातो. बदलाच्या त्या पहिल्या वर्षी तो चीनमधील काइशिन या माध्यमसमूहाला मिळाला. २०१३ मध्ये म्यानमारचे आँग झॉ मानकरी ठरले. १९८८ च्या उठावानंतर देश सोडावा लागलेल्या या संपादकाने थायलंडमध्ये राहून ‘इरावती’ हे नियतकालिक उभे केले होते. २०१७ मध्ये ‘द वायर’ या भारतीय वृत्तसंकेतस्थळाचे सिद्धार्थ वरदराजन, २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा, २०२१ मध्ये ‘म्यानमार नाऊ’चे स्वे विन, २०२३ मध्ये दिल्लीचे ‘द कॅरव्हॅन’ मासिक आणि २०२५ मध्ये बांगलादेशाविषयी स्वीडनमधून चालवले जाणारे ‘नेत्र न्यूज’ यांना तो देण्यात आला.

या दोन प्रकारच्या मानकऱ्यांमध्ये एक फरक आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. परदेशातून नेमलेला प्रतिनिधी व्हिसा रद्द झाल्यावर दुसऱ्या राजधानीत जाऊन काम करू शकतो. त्याचे नुकसान होतेच, पण ते बहुधा व्यावसायिक असते. स्थानिक पत्रकाराचे घर, आईवडील, मुलांची शाळा सगळे त्याच शहरात असते, आणि ज्या ठाणेदाराविरुद्ध त्याने लिहिले तो दुसऱ्या दिवशीही त्याच ठाण्यात असतो. दोघांची लेखणी सारख्याच तोलाची असली तरी दोघांनी मोजलेली किंमत सारखी नसते, याची कबुली २०११ च्या त्या बदलात आहे.

हीच जाणीव अधिक स्पष्टपणे ज्या पुरस्काराच्या पायाशी आहे तो केट वेब पुरस्कार. न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या आणि ऑस्ट्रेलियात वाढलेल्या केट वेब १९७१ च्या एप्रिलमध्ये कंबोडियात युनायटेड प्रेस इंटरनॅशनल या वृत्तसंस्थेसाठी काम करत होत्या. नॉम पेन्हबाहेरच्या महामार्गावरील चकमकीचे वार्तांकन करताना उत्तर व्हिएतनामी सैनिकांनी त्यांना पकडले. दरम्यान त्या भागात सापडलेला एक मृतदेह त्यांचाच आहे असे समजून त्यावर अंत्यसंस्कार झाले आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये त्यांचा मृत्युलेखही छापून आला. २३ दिवसांच्या कैदेनंतर मलेरियाने खंगलेल्या केट वेब जिवंत बाहेर आल्या. पुढे त्यांनी एजन्स फ्रान्स-प्रेस, म्हणजे एएफपी, या वृत्तसंस्थेसाठी आशियात अनेक वर्षे काम केले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढच्या वर्षी एएफपीने त्यांच्या नावाने पुरस्कार सुरू केला. तो दिला जातो आशियात धोकादायक किंवा कठीण परिस्थितीत काम करणाऱ्या स्थानिक पत्रकारांना. रक्कम ३,००० युरो, म्हणजे इतर पुरस्कारांच्या तुलनेत लहानच. पण परदेशी प्रतिनिधीच्या आठवणीसाठी ठेवलेला सन्मान स्थानिक पत्रकाराच्या हाती जावा, ही योजना मला अत्यंत समर्पक वाटते. युद्धभूमीवर परदेशी प्रतिनिधीच्या शेजारी नेहमीच कुणीतरी स्थानिक माणूस असतो : दुभाषा, चालक, बातमीगणिक मानधन घेणारा स्ट्रिंगर, ओळखी जुळवून देणारा फिक्सर. बातमीखाली त्याचे नाव येईलच असे नसते.

आता दुसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे वर्षभरातल्या प्रत्यक्ष कामाला मिळणाऱ्या पुरस्कारांकडे वळू. अमेरिकेतील एशिया सोसायटी ही संस्था २००३ पासून ऑस्बर्न इलियट पुरस्कार देते. ‘न्यूजवीक’ साप्ताहिकाच्या दिवंगत संपादकाचे नाव असलेल्या या पुरस्काराची रक्कमही १०,००० डॉलर आहे. पहिल्या वर्षी तो चीनच्या हेनान प्रांतातील गावांत रक्तविक्रीच्या धंद्यातून पसरलेल्या एड्सच्या वार्तांकनासाठी ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या एलिझाबेथ रोझेनथाल यांना मिळाला.

आशियाच्या भूमीवरून चालणारी या प्रकारातली मोठी स्पर्धा म्हणजे सोसायटी ऑफ पब्लिशर्स इन एशिया या संस्थेचे, सोपा या नावाने ओळखले जाणारे पुरस्कार. ही संस्था १९८२ मध्ये हाँगकाँगमध्ये स्थापन झाली आणि पुरस्कार १९९९ पासून दिले जात आहेत. येथे एकच विजेता नसतो. शोधपत्रकारिता, मानवी हक्क, व्यापारविषयक वार्तांकन, छायाचित्रण, स्पष्टीकरणात्मक लेखन अशा विभागांत स्वतंत्र निवड होते, आणि जगभर पसरलेल्या मोठ्या वृत्तसंस्था व प्रादेशिक किंवा स्थानिक प्रकाशने यांचे गट वेगळे ठेवले जातात. हे वेगळे गट फार आवश्यक आहेत. उपग्रहचित्रे विकत घेऊ शकणारी, वकिलांची फौज असलेली वृत्तसंस्था आणि पाच-सहा जणांच्या जोरावर चालणारे संकेतस्थळ यांना एकाच तागडीत टाकले, तर निकाल आधीच लागलेला असतो.

निवड कशी होते, हे बाहेरच्या वाचकाला सहसा दिसत नाही. अशा स्पर्धांत साधारणतः संपादक किंवा पत्रकार स्वतःच प्रवेशिका पाठवतो. सोबत मूळ लेख, दुसऱ्या भाषेतला असल्यास भाषांतर, आणि एक पत्र असते. त्या पत्रात बातमी कशी मिळाली, कोणते अडथळे आले, प्रसिद्धीनंतर काय घडले, हे मांडायचे असते. परीक्षक आधी मोठ्या ढिगातून मोजक्या प्रवेशिका वेगळ्या काढतात आणि मग त्यांवर चर्चा होते. परीक्षकाच्या स्वतःच्या संस्थेची प्रवेशिका समोर आली तर त्याने बाजूला होणे अपेक्षित असते. तोलताना सहसा चार गोष्टी पाहिल्या जातात : माहिती नवी आहे का, ती पुराव्याने सिद्ध केली आहे का, मांडणी वाचकाला धरून ठेवते का, आणि त्या बातमीने काही हलले का.

यातली शेवटची कसोटी सर्वांत अवघड आहे, कारण ‘काही हलणे’ पत्रकाराच्या हाती नसते. तरी ती कशी दिसते हे पाहायचे असेल, तर असोसिएटेड प्रेस या अमेरिकी वृत्तसंस्थेच्या २०१५ मधील मासेमारीवरील वृत्तमालिकेचे उदाहरण घ्यावे. मार्गी मेसन, रॉबिन मॅकडॉवेल, मार्था मेंडोझा आणि एस्थर टुसान या चार महिला पत्रकारांनी इंडोनेशियातील बेंजिना या बेटावरील गावात गुलामासारखे राबवले जाणारे खलाशी शोधून काढले. त्यांतले काही पिंजऱ्यासारख्या कोठडीत कोंडलेले होते, आणि दफनभूमीत मेलेल्यांच्या थडग्यांवर खोटी नावे होती. या माणसांनी पकडलेली मासळी जाते कुठे, हे सिद्ध करण्यासाठी पत्रकारांनी माल घेऊन निघालेल्या जहाजाचा उपग्रहसंकेतांच्या आधारे थायलंडपर्यंत माग काढला, बंदराजवळ ट्रकमध्ये दडून मासळी कुठल्या कारखान्यात उतरते याची नोंद केली आणि तिथून तिचा प्रवास अमेरिकी दुकानांपर्यंत जोडून दाखवला. पण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. ज्या माणसांनी नावानिशी आणि चेहऱ्यानिशी साक्ष दिली होती, त्यांना सुरक्षित जागी हलवेपर्यंत पत्रकारांनी बातमी रोखून धरली. मालिकेनंतर २,००० हून अधिक जणांची सुटका झाली. २०१६ मध्ये तिला लोकसेवेसाठीचा पुलित्झर पुरस्कार मिळाला. तो आशियाचा नव्हे, अमेरिकी पत्रकारितेचा पुरस्कार. एस्थर टुसान या पुलित्झर मिळवणाऱ्या म्यानमारच्या पहिल्या पत्रकार ठरल्या.

पूर्वेकडून उगवलेल्या पुरस्कारांत रॅमन मॅगसेसे पुरस्काराचे स्थान जुने आणि वेगळे आहे. फिलिपिन्सचे अध्यक्ष रॅमन मॅगसेसे मार्च १९५७ मध्ये विमान अपघातात गेले आणि त्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ तो स्थापन झाला. तो केवळ पत्रकारांसाठी नाही. पण २००८ पर्यंत पत्रकारिता, साहित्य आणि सर्जनशील संवादकला असा त्याचा एक स्वतंत्र विभाग होता. १९५८ मध्ये या विभागात निवड झालेले इंडोनेशियाचे संपादक मोख्तार लुबिस तेव्हा आपल्याच देशात नजरकैदेत होते. भारतातील अमिताभ चौधरी यांना १९६१ मध्ये, बी. जी. वर्गीस यांना १९७५ मध्ये, अरुण शौरी यांना १९८२ मध्ये, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांना १९८४ मध्ये आणि पी. साईनाथ यांना २००७ मध्ये याच विभागात गौरवण्यात आले. विदर्भातील शेतकरी आत्महत्यांवरचे साईनाथ यांचे वार्तांकन मराठी वाचकाला ठाऊक आहेच. २००९ पासून विभागांची जुनी रचना मोडीत निघाली, तरी पत्रकारांची निवड थांबली नाही. २०१९ मध्ये रवीश कुमार यांना हा पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी म्यानमारच्या स्वे विन यांनाही.

पुरस्कार ज्या भूमीवर उभा असतो ती भूमीच सरकली तर काय होते, हे हाँगकाँगमध्ये दिसले. तेथे १९९५ पासून मानवी हक्क वार्तांकन पुरस्कार दिले जात होते. परदेशी प्रतिनिधींचा फॉरेन करस्पॉन्डन्ट्स क्लब, हाँगकाँग जर्नलिस्ट्स असोसिएशन आणि अॅम्नेस्टी इंटरनॅशनल या मानवी हक्क संघटनेची स्थानिक शाखा यांनी मिळून ते उभे केले होते. ३० जून २०२० रोजी तेथे बीजिंगने केलेला कडक राष्ट्रीय सुरक्षा कायदा लागू झाला. जून २०२१ मध्ये ‘अॅपल डेली’ हे दैनिक बंद पडले. त्याच वर्षी अॅम्नेस्टीने शहरातील कार्यालये बंद केली. डिसेंबरच्या अखेरीस पोलिसांच्या छाप्यानंतर ‘स्टँड न्यूज’ हे संकेतस्थळही थांबले. २०२२ च्या पुरस्कारांसाठी परीक्षण झाले होते आणि जागतिक पत्रस्वातंत्र्यदिनी, ३ मे रोजी, निकाल जाहीर व्हायचे होते. त्या आधीच, एप्रिलमध्ये, क्लबने पुरस्कार स्थगित केले. नव्या कायद्याच्या मर्यादा अस्पष्ट असल्याने नकळत कायदाभंग होऊ नये, असे कारण देण्यात आले. विजेत्यांत ‘स्टँड न्यूज’चे काम होते, हे नंतर माध्यमांतून बाहेर आले, आणि या निर्णयाच्या निषेधार्थ क्लबच्या पत्रस्वातंत्र्य समितीतील काही सदस्यांनी राजीनामे दिले.

येथे क्लबला भित्रा म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते न्याय्य नाही, कारण त्याच्या कर्मचाऱ्यांना त्या शहरातच राहायचे होते. तरीही निवड झालेल्या पत्रकारांच्या बाजूने पाहिले तर झालेले नुकसान भरून येणारे नाही. आधी त्यांचे संकेतस्थळ गेले, मग त्यावरचे लेख काढून टाकण्यात आले आणि शेवटी त्या लेखांची दखल घेणारी यादीही उघड झाली नाही. पुढच्या वर्षी, २०२३ मध्ये, ह्यूमन राइट्स वॉच आणि अमेरिकेतील अॅरिझोना स्टेट विद्यापीठाचे वॉल्टर क्रॉन्काइट पत्रकारिता विद्यालय यांनी हे पुरस्कार पुन्हा सुरू केले. पुरस्कार वाचला, मात्र त्याला आपले शहर सोडावे लागले. इतक्या आशियाई पत्रकारांच्या वाट्याला येणारे निर्वासन एका पुरस्काराच्याही वाट्याला आले.

पुरस्कारामुळे पत्रकाराचे रक्षण होते का, असा प्रश्न अनेकदा विचारला जातो. म्यानमारच्या वा लोन आणि क्याव सो ऊ यांच्या प्रकरणातून त्याचे उत्तर नेमके मिळते. रॉयटर्स या वृत्तसंस्थेसाठी काम करणाऱ्या या दोघांनी राखाइन प्रांतातील इन दिन गावात सप्टेंबर २०१७ मध्ये झालेल्या १० रोहिंग्या पुरुषांच्या हत्येचा शोध घेतला. पुरावा होता छायाचित्रांचा : एकात दहाही जण हात बांधून गुडघ्यांवर बसवलेले, आणि दुसऱ्यात त्यांचे मृतदेह एकाच खड्ड्यात. १२ डिसेंबर २०१७ रोजी यांगूनमधील एका उपाहारगृहात पोलिसांनी त्यांच्या हाती काही कागद दिले आणि बाहेर पडताच गोपनीय कागदपत्रे बाळगल्याबद्दल त्यांना अटक झाली. हा सापळा होता, अशी साक्ष एका पोलीस अधिकाऱ्यानेच न्यायालयात दिली. तरीही दोघांना ७ वर्षांची शिक्षा झाली. एप्रिल २०१९ मध्ये या वार्तांकनाला पुलित्झर जाहीर झाला तेव्हा दोघे तुरुंगात होते. त्यानंतर २२ दिवसांनी, ७ मे रोजी, राष्ट्राध्यक्षांनी माफी दिलेल्या ६,५२० कैद्यांबरोबर ते बाहेर आले. एकूण ५११ दिवस. पुरस्काराने तुरुंगाचे दार उघडले असे म्हणता येणार नाही, कारण निकाल फिरला नाही, केवळ माफी मिळाली. मात्र त्या सबंध काळात जगाने ही दोन नावे विसरू नयेत, यासाठी जे अनेक हात लागले त्यांत पुरस्कारांचा हात होता. मारिया रेसा यांचेही तसेच : २०१९ मध्ये शोरेन्स्टीन, जून २०२० मध्ये सायबर बदनामीच्या खटल्यात दोषी, २०२१ मध्ये शांततेचे नोबेल, आणि ते स्वीकारायला ओस्लोला जाण्यासाठीही न्यायालयाची परवानगी.

या सगळ्या व्यवस्थेतली जी उणीव मला बोचते ती भाषेची आहे. सोपा पुरस्कारांत इंग्रजीबरोबर चिनी आणि आता बहासा इंडोनेशिया भाषेतील कामालाही स्थान आहे, हे मोठे पाऊल आहे. पण बंगाली, उर्दू, तमिळ, सिंहली, मराठी, बर्मी, ख्मेर या भाषांत रोज राबणाऱ्या बातमीदाराचे काम परीक्षकांपुढे यायचे तर आधी कुणीतरी त्याचे इंग्रजी करावे लागते. त्यासाठी वेळ, पैसा आणि प्रवेशिका कशी लिहितात याची माहिती, तिन्ही लागतात. तालुक्याच्या वाळू उपशावर किंवा एखाद्या धरणातील गैरव्यवहारावर महिनोन्‌महिने लिहिणाऱ्याजवळ ती बहुधा नसते. त्यामुळे पुरस्कारांच्या यादीत आशिया इंग्रजीत बोलताना दिसतो, आणि इंग्रजीत न झालेले उत्तम काम त्या यादीबाहेरच राहते.

‘प्रशांत’ या उत्तरार्धाची स्थिती तर आणखी नाजूक आहे. लहान लोकसंख्येच्या बेटांवर एकच दैनिक, एकच नभोवाणी केंद्र आणि बरेचदा सरकार हाच मोठा जाहिरातदार. तिथली बातमी बाहेर नेणारेही कमी होत गेले. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी या सार्वजनिक प्रसारण संस्थेने प्रशांत बेटांसाठीचे आपले लघुलहरी प्रसारण ३१ जानेवारी २०१७ रोजी बंद केले. याच एबीसीसाठी पापुआ न्यू गिनी आणि प्रशांत बेटांवरून अनेक दशके वार्तांकन करणारे शॉन डॉर्नी यांच्या नावाने ऑस्ट्रेलियातील वॉक्ली फाउंडेशन ही पत्रकारितेला वाहिलेली संस्था एक योजना चालवते. डॉर्नी पापुआ न्यू गिनीच्या राष्ट्रीय रग्बी लीग संघातून खेळले होते, त्या देशाच्या सरकारने १९८४ मध्ये त्यांना हद्दपारही केले होते, आणि काही वर्षांनी ते तिथेच परतले. त्यांच्या नावाने मिळणारी रक्कम १०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे, पण तो रूढ अर्थाने पुरस्कार नाही. झालेल्या कामाचा गौरव म्हणून ती दिली जात नाही. प्रशांत बेटांवरची एखादी बातमी करायला जाऊ इच्छिणाऱ्या ऑस्ट्रेलियन पत्रकाराला ती निघण्याआधीच मिळते, म्हणजे विमानभाडे, बोटीचे भाडे आणि तिथे पुरेसे दिवस राहण्याचा खर्च त्यातून भागतो.